दक्षिणेचं वावडं

“मॅडम, ह्ये खाली साउथ कशाला लिवलंय?”

हणमंतशेठनी भिंतीवरच्या पडद्याकडे बोट रोखलं आणि आमच्या ऑफिसातलं बोलणं थांबलं. तोवर डेमो छान चालला होता. शेठच्या सगळ्या दुकानांच्या नोंदी एका पानावर दिसत होत्या. चहा झाला होता. प्रसाद सर, म्हणजे आमच्या सांगलीच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचे मालक, पुढच्या वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टचा विषय काढायच्या बेतात होते. नेमकी तेव्हाच शेठची नजर पानाच्या तळाशी गेली. तिथे बारीक अक्षरांत ‘साउथ-वन’ असं लिहिलेलं होतं.

हणमंतशेठ विट्याचे. धंदा गलाईचा. सोनारांकडे आलेले जुने दागिने वितळवायचे, सोनं शुद्ध करायचं, त्याची लगड पाडायची आणि त्यात सोनं किती खरं आहे ते तपासून सांगायचं. त्या शुद्धतेला टंच म्हणतात. विट्याच्या आसपासच्या गावांतली माणसं हे काम करत देशभर पसरली आहेत. शेठची दुकानं सिलिगुडीपासून मदुराईपर्यंत होती. स्वतः शेठ मात्र विट्यातच बसत आणि मोबाइलवर सगळीकडे लक्ष ठेवत. ते लक्ष ठेवायची सोय आमच्या कंपनीने करून दिली होती. ती चालू ठेवायचं काम माझं.

मी समजावून सांगितलं. “शेठ, तुमच्या नोंदी क्लाउडवर असतात. क्लाउड म्हणजे भाड्याने घेतलेला दुसऱ्याचा कॉम्प्युटर. तो कुठल्या गावात ठेवलाय, त्याला रीजन म्हणतात. आपला रीजन मुंबईचा. त्याचं कंपनीने ठेवलेलं नाव साउथ-वन.”

“मुंबई काय विट्याच्या दक्षिणेला हाय व्हय?”

“नाही. वायव्येला.”

“मग साउथ कसं?”

“आशियाच्या नकाशात भारत दक्षिणेला येतो, म्हणून.”

“आशियाचं आमाला काय करायचंय? दुकानं माजी हाईत.”

शेठनी मग खुर्ची पुढे ओढली आणि खरी अडचण सांगितली. त्यांचे एक वास्तुवाले गुरुजी होते. गुरुजी कराडला बसत आणि व्हिडिओ कॉलवर कंपास धरायला लावून परगावच्या दुकानांच्या दिशा बघत. त्यांनी शेठना बजावलं होतं की तिजोरी उत्तरेला, हिशेब ईशान्येला आणि दक्षिणेला काहीही नको.

“मदुराईचं दुकान बगा,” शेठ म्हणाले. “सगळ्यात खाली. धंदा बी खालीच. दुकान दक्षिणेत, त्यात त्येचा सर्व्हर बी दक्षिणेत. चालंल कसं?”

मी हसले नाही. हसू आलं होतं, पण प्रसाद सर माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. आमच्या घरी हा विषय कधी नव्हताच. आजोबांनी धर्म बदलला तेव्हाच पंचांग घराबाहेर गेलं, आणि रहिमतपूरला वडिलांनी घर बांधलं तेव्हा जिकडे रस्ता होता तिकडे दार ठेवलं. ते दार कुठल्या दिशेला आहे, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यामुळे शेठची भीती मला कळत नव्हती. त्यांना मात्र ती खरोखर वाटत होती, एवढं दिसत होतं.

“ईशान्येला नेता येईल का?” सरांनी मला विचारलं.

“नॉर्थ-ईस्ट-वन नावाचा रीजन आहे. पण तो जपानमध्ये आहे, सर.”

“पण ईशान्य आहे ना?”

“नावात आहे.”

“बास,” शेठ म्हणाले. “नावात आसलं तरी हुतंय.”

ते गेल्यावर मी सरांना सगळं परत सांगितलं. रीजन बदलायचा म्हणजे सगळा डेटा हलवायचा. वेबसाइट बदलायची. प्रत्येक दुकानाच्या कॉम्प्युटरवर जाऊन सेटिंग बदलायचं. शिवाय विट्याच्या माणसाने मदुराईची नोंद बघायला जपानमार्गे जावं, याला काही अर्थ नाही. मी म्हटलं, पानाच्या तळाशी साउथ-वन लिहिलंय ते काढून टाकते, विषय संपेल.

“क्लायंटला फसवायचं नसतं, कांबळे मॅडम,” सर म्हणाले. “आणि नाहीही म्हणायचं नसतं. मी बघतो.”

आमच्या ऑफिसात ‘मी बघतो’ याचा अर्थ ‘आता हे कुणी बघणार नाही’ असा होतो. साताऱ्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याची तक्रार सर केव्हापासून बघत आहेत. त्यामुळे मी निर्धास्त झाले आणि माझ्या कामाला लागले. या खेपेला मात्र सरांनी खरंच बघितलं.

*

तीन आठवडे गेले असतील. सकाळी ऑफिसात येऊन बसते तोच मदुराईहून विलासचा फोन आला. विलास हा शेठचा भाचा, सख्ख्या बहिणीचा मुलगा. मदुराईचं दुकान तोच चालवायचा. एरवी त्याचा फोन म्हणजे ‘ताई, प्रिंटर अडकला’ एवढंच असायचं. त्या दिवशी त्याचा आवाज बसला होता.

“ताई, आमच्या नोंदी दिसत्यात का तुमाला?”

“बघते. का रे?”

“मामा म्हनत्यात, पंधरा दिस झालं मदुराईची एक बी नोंद न्हाई. म्हनत्यात, दुकान उघडं, भट्टी चालू, मग सोनं गेलं कुटं? म्हनत्यात, तू नोंदी न करता परस्पर धंदा करतूयास. चोर म्हनालं मला, ताई.”

मी पान उघडलं. सिलिगुडी होतं, कोइंबतूर होतं, रोहतक होतं. मदुराईच्या रकान्यात गेल्या पंधरवड्यातलं काहीच नव्हतं.

इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. गलाईच्या धंद्यात माणसाजवळ दोनच गोष्टी असतात, हातातलं कसब आणि नाव. दुसऱ्याचं सोनं रोज हातात येतं. ते वितळलं की ओळखू येत नाही. त्यामुळे माणसाच्या शब्दावर सगळं चालतं. आणि सगळा धंदा एकाच भागातल्या माणसांचा. रोहतकला कुणी काही केलं की संध्याकाळपर्यंत कोइंबतूरला कळतं. चोर म्हणून एकदा नाव झालं की त्या माणसाला देशात कुठेच कुणी भट्टीजवळ उभं करत नाही. दुसरं काम विलासला येत नव्हतं. दहावी झाल्यापासून तो तेच करत होता.

“मामांनी सगळ्या दुकानांवर फोन केल्यात,” विलास म्हणाला. “इलास आला तर ठिवून घिऊ नका म्हनून सांगितलंय. आणि मला चाव्या दुसऱ्याकडं दिऊन रविवारी विट्याला यायला सांगितलंय. बैठक हाय.”

“तुझ्याकडे पावत्या असतील की.”

“हाईत. मामा म्हनत्यात, पावत्या तूच छापतूस, त्या कशाला दावतूस?”

मी त्याला म्हटलं, घाबरू नकोस, मी शोधते. हे म्हणताना मी स्वतः घाबरले होते. नोंद न सापडणं मला नवीन नव्हतं. पण आजवर नोंद हरवली की कुणीतरी चिडायचं. या वेळी एका माणसाचं आयुष्य त्यात अडकलं होतं.

*

दुकानातली पद्धत अशी. दिवसभर विलास कॉम्प्युटरवर नोंदी करायचा. दुकान बंद करताना एक बटण दाबायचा. त्या बटणामागे माझ्या आधीच्या माणसाने लिहिलेली एक स्क्रिप्ट होती. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला ओळीने दिलेले हुकूम. ते हुकूम काळ्या खिडकीत टाइप करतात, त्यांना कमांड म्हणायचं. ही स्क्रिप्ट त्या दिवसाच्या नोंदी उचलून क्लाउडवरच्या टेबलात, म्हणजे रकान्यांच्या तक्त्यात, टाकायची, पोचल्या अशी खात्री झाली की दुकानातल्या पुसायची, आणि ‘सक्सेस’ असं हिरव्या अक्षरांत दाखवायची. कुणाच्या हाती जुना डेटा लागू नये म्हणून ती सोय होती.

“हिरवं येत होतं का?” मी विचारलं.

“रोज. एक दिस चुकला न्हाई.”

म्हणजे नोंदी गेल्या होत्या. कुठेतरी पोचल्याही होत्या. मुंबईला मात्र पोचल्या नव्हत्या.

मी विलासला काळी खिडकी उघडायला लावली आणि क्लाउडच्या सेटिंगची फाइल वाचून दाखवायला सांगितली. त्याने एकेक अक्षर वाचलं. रीजन साउथ-वन. बरोबर. त्यात काही चूक नव्हती. मी पासवर्ड तपासला, नेट तपासलं, टेबलाचं नाव तपासलं. सगळं जिथल्या तिथे. मी डोक्याला हात लावून बसले.

मध्येच विलास म्हणाला, “ताई, जरा थांबा. लय उकडतंय इथं. टेबल भट्टीजवळ आलंय न्हवं.”

“टेबल तर दाराशी होतं तुझं.”

“व्हय. मामांचा फोन आल्ता. म्हनालं, तुजा कॉम्प्युटर आता ईशान्येला केलाय. मला वाटलं, टेबल तिकडं न्यायचंय. ईशान्येला आमची भट्टी हाय. मग तितंच बसतूय घाम पुसत.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. “विलास, आता त्या खिडकीत फक्त ‘सेट’ एवढंच टाइप कर आणि एंटर मार.”

“लय मोटी यादी आली.”

“त्यात डिफॉल्ट रीजन असं कुठे दिसतंय का बघ. त्याच्यापुढे काय आहे?”

तो शोधत राहिला. मग म्हणाला, “नॉर्थ-ईस्ट-वन.”

हे काय प्रकरण आहे ते सांगते. घरात आई ‘साखर घेऊन ये’ म्हणते तेव्हा कुठल्या दुकानातून ते सांगत नाही. कोपऱ्यावरच्या, हे ठरलेलं असतं. न सांगता जे धरून चालायचं, ते डिफॉल्ट. आमची स्क्रिप्टही नोंदी टेबलात टाक एवढंच म्हणत होती. कुठल्या गावच्या टेबलात, ते तिच्यात लिहिलेलं नव्हतं. अशा वेळी कमांड ते गाव दोन ठिकाणी शोधते. सेटिंगच्या फाइलीत लिहून ठेवलेलं असतं. आणि एक असतो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. म्हणजे फाइलीत न लिहिता कॉम्प्युटरला आधीच देऊन ठेवलेली सूचना; ‘सेट’ म्हटलं की अशाच सूचनांची यादी येते. दोन्ही ठिकाणी वेगवेगळं असेल तर कमांड व्हेरिएबलचं ऐकते.

बहुतेक कचेऱ्यांत हेच चालतं. फाइलीत काय लिहिलंय त्याला कोण विचारतो? साहेबांनी कानात काय सांगितलं, ते महत्त्वाचं. मदुराईच्या कॉम्प्युटरच्या कानात कुणीतरी ‘जपान’ असं सांगितलं होतं.

आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीला एक सौजन्याची ओळ होती. त्या नावाचं टेबल नसेल तर नवीन बनवून घे. जपानमध्ये टेबल नव्हतं. पहिल्या दिवशी ते निमूटपणे बनलं, आणि तेव्हापासून मदुराईच्या सगळ्या नोंदी तिकडे शिस्तीत साठत होत्या. वेबसाइट मुंबईत बघत होती. ती तरी काय दाखवणार?

मी माझ्या लॅपटॉपवर तीच कमांड टाइप केली, पण या वेळी रीजन तिच्यातच स्पष्ट लिहिला. असं लिहिलं की फाइल आणि व्हेरिएबल दोन्ही गप्प बसतात. एंटर मारलं. सगळ्या नोंदी धडाधड खाली उतरल्या. सोनाराचं नाव, वजन, टंच, तारीख. एकही दिवस सुटलेला नव्हता. मला रडू यायचं बाकी होतं.

*

“सर, मदुराईच्या मशीनवर डिफॉल्ट रीजन कुणी बदलला?”

“का? चालतंय ना?”

“चालतंय. जपानमध्ये.”

सरांनी पेन खाली ठेवलं. “मी रिमोटवरून फक्त एक लाइन टाकली. शेठ म्हणाले, आधी मदुराईला करून बघा, गुण आला तर बाकीच्या दुकानांवर करू.”

“दिवस बघून टाकली असेल.”

“गुरुवारी सकाळी. गुरुजींनी वेळ काढून दिली होती.” हे सांगताना त्यांना जरासुद्धा अवघडल्यासारखं वाटलं नाही. “डेटा सेफ आहे ना? मग कॉपी करून परत आणा. शेठना सांगू, मदुराईच्या बाजूला सिंकचा इश्यू होता.”

“मदुराईच्या बाजूला म्हणजे विलासच्या बाजूला?”

“बाजू कुणाची ते कशाला बोलायचं? इश्यू होता, सॉल्व्ह झाला. क्लोज.”

“सर, त्या पोराला चोर ठरवलंय.”

“तो त्यांच्या घरातला मामला आहे, मॅडम. आपण टेक्निकल माणसं.”

मला संताप आला. या माणसाने एक ओळ टाकली होती. आपण काय केलंय हे त्याला माहीत होतं, शेठनाही माहीत होतं. दोघांनी मिळून नोंदींना जपानचा रस्ता दाखवला, आणि नोंदी दिसेनाशा झाल्यावर दोघांपैकी एकाच्याही मनात हा विचार आला नाही की आपण मध्यंतरी काहीतरी बदललं होतं. शेठना आठवला तो थेट विलास. मी सरांना म्हटलं, मी रविवारी विट्याला जाणार आहे. ते म्हणाले, रविवारचा प्रवास खर्च मिळणार नाही. मी म्हटलं, एसटीला माझं अर्धं तिकीट लागतं. आणि लॅपटॉप पिशवीत घातला.

*

शेठचा बंगला विट्यात रस्त्याला लागून आहे, पण रस्त्याच्या बाजूला दार नाही. तिथे आधी होतं. ते दक्षिणेला येतं म्हणून भिंत घालून बंद केलंय. त्यामुळे येणाऱ्या माणसाला अख्ख्या बंगल्याला वळसा घालून, म्हशींच्या गोठ्याजवळून पूर्वेच्या दाराने आत जावं लागतं. मी तशी गेले.

आत शेठ सोफ्यावर होते. दोन वयस्कर भाऊबंद शेजारी बसले होते. तेही गलाईवालेच. विलास भिंतीला टेकून उभा होता. दीड दिवसाच्या प्रवासाने आणि त्याहून जास्त काळजीने तो वाळून गेल्यासारखा दिसत होता. स्वयंपाकघराच्या दारात त्याची आई उभी होती. कुणी तिला बस म्हटलेलं दिसत नव्हतं.

“आवं मॅडम, तुमी कशाला तरास घेतलासा?” शेठ म्हणाले. “घरची बाब हाय.”

“बाब माझ्या खात्यातली आहे, शेठ. पाच मिनिटं द्या.”

मी लॅपटॉप टीपॉयवर ठेवला. आधी मुंबई दाखवली. मदुराई रिकामं. शेठनी भाऊबंदांकडे बघून मान हलवली, बघा म्हणून. मग तीच कमांड मी नॉर्थ-ईस्ट लिहून चालवली. नोंदी उतरल्या. शेठ चष्मा लावून वाचायला लागले. सोनारांची नावं त्यांच्या ओळखीची होती. वजनं वाचताना ओठ हलत होते. टंचाचे आकडे बघून त्यांनी एकदा विलासकडे पाहिलं.

“ह्ये कुटं हुतं?”

“जपानला.”

“माजं सोनं जपानला गेलं?”

“सोनं नाही, शेठ. नोंदी.”

एक भाऊबंद विचारात पडले. “जपानात आपल्याकडचं कुनी बसल्यालं न्हाई आजून,” ते म्हणाले.

“ह्ये बदललं कुनी?” शेठनी विचारलं.

“प्रसाद सरांनी. तुमच्या सांगण्यावरून. गुरुवारी सकाळी. तुम्हीच म्हणाला होतात, मदुराईला ईशान्य द्या.”

मला वाटलं, आता शेठ खाली बघतील. शेठनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

“जपान ईशान्येला हाय न्हवं?”

“हो.”

“मग! गुरुजी बोललं त्ये खरं झालं का न्हाई? हिशेब ईशान्येला गेला आणि सुखरूप ऱ्हायला. एक नोंद इकडची तिकडं न्हाई.” त्यांनी भाऊबंदांकडे पाहिलं. दोघांनी माना डोलावल्या. “ह्येला म्हनायचं वास्तू.”

मी आयुष्यात पुष्कळ क्लायंट बघितलेत. तरी आ वासून बसून राहिले. त्या माणसाला चूक दाखवावी तर तो तिचाच पुरावा करून मोकळा होत होता.

“चला, झालं गेलं,” शेठ विलासला म्हणाले. “चाव्या घे आणि जा उद्या मदुराईला.”

विलास भिंतीपासून हलला नाही. “मामा, नोंदी सुखरूप ऱ्हायल्या,” तो म्हणाला. “माजं काय?”

“तुजं काय म्हंजी?”

“तुमी सगळ्या दुकानांवर सांगितलंसा, इलास चोर हाय. आता मी तितं जाऊन कुनाच्या तोंडाकडं बगू?”

शेठनी मोबाइल उचलला आणि कोइंबतूरला लावला. स्पीकरवर पलीकडून भट्टीच्या पंख्याचा आवाज येत होता. “आरं गड्या, त्ये इलासचं काय न्हाई,” शेठ म्हणाले. “कॉम्प्युटरचा घोळ हुता. सापडलं सगळं. व्हय. ठिवतो.” आणि दुसरा नंबर शोधायला लागले.

“दादा,” दारातून विलासची आई म्हणाली. सगळ्यांनी वळून पाहिलं. तोवर तिचा आवाज कुणी ऐकलाच नव्हता. “पोराला चोर म्हनताना त्याचं नाव घेतलंस. आता कॉम्प्युटरचं घिऊ नगंस. तुजं घे.”

शेठचा अंगठा मोबाइलवर तसाच राहिला. चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता आवाज चढणार. भाऊबंदांपैकी एकाला एकाएकी खोकला आला. बहिणीने नजर हलवली नाही.

शेठनी रोहतक लावलं. “हां, मी बोलतूय. त्ये इलासचं... पोरगं सरळ हाय. घोळ माजा हुता. मीच सेटिंग बदलाय लावलं आणि मीच इसरलो. व्हय, माजाच. सगळ्यांना सांग तितं.” मग सिलिगुडी. मग बाकीची. शेवटी, मी सांगायच्या आधी, त्यांनी कोइंबतूरला परत फोन लावला आणि पहिला फोन दुरुस्त केला. विलासची आई आत गेली आणि थोड्या वेळाने सगळ्यांसाठी पोहे घेऊन आली. विलासची बशी तिने आधी दिली.

*

पुढचं थोडक्यात. मी जपानमधल्या नोंदी मुंबईत आणल्या, मोजून ताडून घेतल्या आणि तिकडचं टेबल मिटवलं. मदुराईच्या कॉम्प्युटरवरचा तो व्हेरिएबल काढला. सगळ्या दुकानांच्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक कमांडला रीजन स्पष्ट लिहून टाकला. आता कुणी मशीनच्या कानात काहीही सांगो, नोंद मुंबईलाच जाते. ‘नसेल तर नवीन बनव’ ही सौजन्याची ओळही काढली. टेबल सापडलं नाही तर आता स्क्रिप्ट थांबते आणि लाल अक्षरांत ओरडते. विलासला सांगितलंय, लाल दिसलं की आधी मला फोन कर, मग मामांना.

वेबसाइटच्या तळाशी आता ‘मुंबई’ असं लिहिलेलं असतं. शेठची काही तक्रार नाही.

प्रसाद सरांनी यातून त्यांच्या परीने बोध घेतला. आमच्या नव्या माहितीपत्रकात ‘वास्तुअनुकूल क्लाउड’ अशी एक सेवा आली आहे. साताऱ्याच्या ट्रान्सपोर्टवाल्याने चौकशीही केली. मी विचारलं, यात नेमकं करायचं काय? सर म्हणाले, मी बघतो.

नवी मुलं कामाला लागली की मी त्यांना काळी खिडकी उघडायला शिकवते आणि एक सांगते. नोंद सापडत नसेल तर आधी आपण काय हुकूम दिला होता ते बघायचं. मग मशीनने कुणाचं ऐकलं ते बघायचं. समोर बसून रोज बटण दाबणाऱ्या माणसाचा नंबर सगळ्यात शेवटी. मुलं ते वहीत लिहून घेतात. मालक लोकांचं शिक्षण अजून बाकी आहे. त्यांना नोंद दिसली नाही की माणूस लगेच दिसतो.